राज्यसभेला वळसा

नागरिकशास्त्राच्या तासाला मी सांगायचे, घाईत केलेला कायदा राज्यसभा पुन्हा तपासते. एखादं चुणचुणीत पोर विचारायचं, "बाई, आणि धन विधेयक असलं तर?" तर राज्यसभेनं १४ दिवसांत शिफारशी करायच्या, मानायच्या की नाही ते लोकसभा बघणार. धन विधेयकाचा, म्हणजे केवळ कर-खर्चासारख्या बाबींच्या विधेयकाचा, शिक्का मारतात लोकसभेचे अध्यक्ष, बहुधा सत्ताधारी पक्षातूनच आलेले. मार्च २०१६मध्ये आधार विधेयक याच वाटेनं गेलं. १६ तारखेला राज्यसभेनं पाच दुरुस्त्या सुचवल्या. लोकसभेनं त्याच दिवशी फेटाळल्या. एक रात्रही मध्ये जाऊ दिली नाही! २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं ही वाट चालवून घेतली, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी ती घटनाबाह्य ठरवली. मला त्यांचंच पटतं. आयर्लंडमध्ये एखादं विधेयक धन विधेयक आहे का, हा वाद दोन्ही सभागृहांच्या समितीपुढे जाऊ शकतो, अध्यक्षस्थानी न्यायाधीश असतो. आपणही तशी घटनादुरुस्ती करावी.