कच्चे मडके आणि खोटी वाहवा

चित्रकला ही ईश्वरी देणगी आहे. ती ज्याला असते त्याला असते, आणि ज्याला नसते त्याला शिकवूनही येत नाही, असा एक समज आमच्या सुशिक्षित कुटुंबांत फार खोल रुजलेला आहे. गणित कच्चे असेल तर शिकवणी लावावी, इंग्रजी कच्चे असेल तर पाठांतर वाढवावे, पण हात वळत नसेल तर चित्रांची वही मिटून ठेवावी, असा हा न्याय आहे! मुलाच्या हाताला वळण दिसले तर पाहुण्यांपुढे वही उघडून चार वेळा 'वाहवा' मिळवावयाची. न दिसले तर विषय संपला. या दोहोंपैकी एकाही वागणुकीत शिक्षण नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. आमचे म्हणणे असे की, चित्रकलेच्या ज्या शाखेस आम्ही पात्ररेखन म्हणू, म्हणजे कथेतील, नाटकातील अथवा व्यंगचित्रातील माणूस कागदावर असा उभा करणे की पाहताक्षणी त्याचा स्वभाव कळावा, ती शाखा दोनच गोष्टींनी साध्य होते: रोजच्या सरावाने आणि बरोबरीच्यांच्या निर्भीड टीकेने. नेमक्या याच दोन गोष्टी आमची घरे आणि आमच्या शाळा मुलांस देत नाहीत.

शाळांचे पाहा. आमच्या राज्यात रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन शासकीय परीक्षा आहेत. त्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. कित्येक खेड्यांतल्या मुलांस रंगाची पेटी हाती धरावयाची संधी या परीक्षांनीच दिली. परंतु इंटरमिजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात ७ गुण, 'ब' श्रेणीस ५ आणि 'क' श्रेणीस ३ गुण वाढतात, ही गोष्ट पालकांस ठाऊक झाल्यापासून चित्राकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. मूल काय पाहते, हा प्रश्न उरला नाही. सात गुण कसे पडतील, एवढाच उरला.

याचा सर्वांत केविलवाणा परिणाम पाहावयाचा असेल तर स्मरणचित्र नावाचा विषय पाहावा. नावाप्रमाणे, मुलाने जे स्वतः पाहिले ते आठवून काढावयाचे: बाजार, बसथांबा, पाणवठा, जत्रा. प्रत्यक्षात काय होते? ठिकठिकाणी मुलांस एक तयार चित्र दिले जाते आणि ते घोटून पाठ करून घेतले जाते. डावीकडे छत्री, उजवीकडे झाड, मध्ये टोपली घेतलेली बाई! तुळजापुरात नवरात्रात कवड्यांची माळ घातलेले, हाती पोत घेतलेले आराधी ज्या मुलाच्या दारावरून जातात, तो मुलगा परीक्षेत ती कोणाचीही नसलेली टोपलीवाली बाई काढून येतो. ही स्मरणशक्ती खरी. पण ती दुसऱ्याच्या चित्राची आहे, स्वतःच्या डोळ्यांची नव्हे.

आता, सराव आणि सोबती यांच्या बळावर हे शास्त्र शिकता येते यास पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा आमच्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कोणत्याही कलाशाळेचे पदवीधर नव्हते. घरच्या कारखान्यात वडिलांजवळ हात बसला, आणि मावस-चुलत नात्यांतल्या माणसांप्रमाणे नव्हे तर कामातल्या जोडीदाराप्रमाणे वागणारा बंधू आनंदराव याच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढे 'सैरंध्री' (१९२०) सारखे बोलपट-पूर्व काळातील चित्रपट काढताना ते पात्रांचे पोशाख व हालचाली यांची रेखाटने आधी कागदावर करीत. त्यांच्याजवळ तयार झालेल्या दामले-फत्तेलाल या जोडीने पुढे १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. त्यातील तुकोबा, आवली आणि सालोमालो यांनी तोंड उघडण्यापूर्वीच ते कोण हे प्रेक्षकास कळते. हे कसब कारखान्यात, एकमेकांच्या खांद्यावरून एकमेकांचे काम पाहत आले.

परदेशचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. वॉल्ट डिस्ने याच्या चित्रशाळेतील आर्ट बॅबिट या कलावंताने १९३२ साली आपल्या घरी सहकाऱ्यांस जमवून, जिवंत माणूस समोर ठेवून रेखाटन करण्यास आरंभ केला. पगारी, नावाजलेले चित्रकार दिवसभराच्या कामानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन बसत! मालकाने याचे महत्त्व ओळखून ते वर्ग चित्रशाळेतच आणले व डॉन ग्रॅहॅम या शिक्षकाकडे सोपविले. शिवाय तेथे एक लहान खोली होती. तीत अर्धवट झालेले काम पडद्यावर दाखवून त्याची चिरफाड होई, आणि तिला नाव पडले होते 'घामाची खोली'. १९३७ साली 'स्नो व्हाइट' मधील सात बुटके सात निरनिराळे स्वभाव घेऊन पडद्यावर आले, त्यामागे हा घाम होता.

आणि देणगीची पारख करणारे तरी कितपत भरवशाचे? आर. के. लक्ष्मण यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. त्या नकारावर विसंबून त्यांनी वही मिटली असती, तर चौकड्यांचा कोट घातलेला तो मुका 'सामान्य माणूस' आपल्यास दिसलाच नसता. तो माणूसही एका रात्रीत अवतरला नाही. आरंभी प्रांतोप्रांतीच्या माणसांची गर्दी ते काढीत. काढता काढता बाकीचे गळत गेले आणि हा एक उरला. ज्यास आपण प्रतिभा म्हणून हात जोडतो, ती पुष्कळदा अशी रोज रोज गाळून उरलेली असते.

सरावाचे महत्त्व एक वेळ आमचे वाचक मान्य करतील. खरी अडचण टीकेची आहे. 'मुलाचे मन दुखावेल' हे आमच्या घरांतील ठरलेले उत्तर. त्यांस आम्ही याच जिल्ह्यातील तेर गावाची आठवण देतो. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता, वयाने लहान अशा मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून, आम्हांपैकी कोणते मडके कच्चे ते सांगा, असे म्हटल्याची कथा कोणास ठाऊक नाही? काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीच्यांनी ते सोसले, नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले. या कथेतील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पारख करणारा कोणी परका परीक्षक नव्हता, मेळ्यातलाच एक होता. त्याने सर्वांस सारखेच थापटले. आणि ज्याचे मडके कच्चे निघाले त्याने विठ्ठल सोडला नाही. तो विसोबा खेचरांकडे जाऊन पक्का झाला. खोटी वाहवा मिळाली असती तर कदाचित तो कच्चाच राहिला असता!

तरीही टीका म्हणजे टवाळी नव्हे. कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा आतून आधार धरतो. नुसतेच थापटले तर मडके फुटते. 'नाक वाईट आहे' ही टीका नव्हे. 'हा हमाल पोते उचलतो आहे, पण पोत्याचा भार त्याच्या पाठीत दिसत नाही' ही टीका. 'हे मूल आहे म्हणतोस, पण डोके मोठ्या माणसाच्या मापाचे काढले आहेस; मोठा माणूस सात-साडेसात डोकी उंच असतो, लहान मूल चारच' ही टीका. आकृती सगळी काळी भरून टाकावी आणि नुसत्या बाह्यरेषेवरून हा कोण ते सोबत्यांस विचारावे. पाच जणांनी पाच नावे सांगितली तर पात्र अजून जन्मले नाही असे समजावे. तोच माणूस समोरून, बाजूने व पाठीमागून काढावा. रागावलेला, भ्यालेला, दमलेला काढावा. तो तोच राहतो की नाही हे दुसऱ्याने सांगावे. ज्याने चित्र काढले त्यास हे दिसत नाही, कारण त्याच्या मनातले पात्र त्याच्या कागदावरील उणिवा भरून काढीत असते. बरोबरीच्या डोळ्यांची गरज आहे ती याकरिता. आई प्रेमाने पाहते, परीक्षक घाईने पाहतो. सोबती तेवढा चित्र पाहतो, कारण उद्या त्याचेही चित्र याच चटईवर मांडावयाचे असते.

आज यंत्रास चार शब्द सांगितले की क्षणात हवे ते पात्र तयार होऊन येते, मग हा खटाटोप कशास, असाही आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर सोपे आहे. यंत्राने दहा चित्रे पुढे टाकली तर त्यांतील जिवंत कोणते आणि मेलेले कोणते, हे सांगणारा डोळा कोठून आणणार? तो डोळा हात चालविल्यावाचून येत नाही. शिवाय, माणसाकडे नीट पाहण्याची सवय हा या विद्येचा खरा लाभ. मोंढ्यात पोते उचलणाऱ्याची पाठ ज्याने दहा वेळा रेखाटली, तो त्या माणसाकडे पुन्हा कधी नुसत्या 'हमाल' या शब्दातून पाहणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. धाराशिव, उमरगा, परंडा येथील मुलांस मुंबई-कोल्हापूरची कलाशाळा जवळ नाही हे खरे. पण पेन्सील, कोरी वही आणि चार सोबती यांस अंतराची अडचण पडत नाही. शाळेने चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयास उसना देऊ नये. महिन्यातून एकदा मुलांस तेरच्या लामतुरे संग्रहालयात न्यावे. सातवाहनकालीन मृण्मयी बाहुल्यांचे केशसंभार व चेहरे पाहून काढू द्यावेत. त्या बाहुल्या साच्यातून काढीत हे खरे, परंतु पहिला साचा करण्यापूर्वी कोणी तरी माणसाकडे डोळे उघडून पाहिलेच होते. पालकांनी एवढेच करावे: आठवड्यातून एक संध्याकाळ घराची ओसरी या मुलांस मोकळी द्यावी, सात गुणांचे नाव काढू नये, आणि 'वाहवा' म्हणावयास तोंड उघडण्यापूर्वी 'हा कोण?' एवढे विचारावे. मुलास उत्तर देता आले नाही तर त्याची वही मिटू नये. उद्या त्याच माणसाचे चित्र त्याच्याकडून पुन्हा मागावे.