दोन सेंटीमीटर

सैन्यभरतीत माझी उंची 167 भरली. लागते 168. मी बाहेर. माझ्या मागचा पोरगा 166, तो आत! त्याचा बाप फौजी. फौजीच्या पोराला उंचीत 2 सेंटीमीटर, छातीत 1 सेंटीमीटर, वजनात 2 किलो सूट. त्या पोराशी माझं भांडण नाही. तोही माझ्यासारखाच रात्रभर फुटपाथवर पडला होता. माझं भांडण त्या टेपशी आहे.

दोस्तहो, उद्या तुमच्यातले कितीतरी त्याच रांगेत उभे राहणार. म्हणून आधी नीट ऐका. 2023 पासून लेखी परीक्षा आधी, मैदान नंतर. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पुरे 60 गुण. बीमवर 10 वेळा हनुवटी वर नेली तर 40. मग 9 फुटी खड्डा, मग वाकड्यातिकड्या फळीवरून तोल. नंतर टेप. छाती 77, फुगवून 5 जास्त. शेवटी डॉक्टर. तिथं चड्डीवर उभं करतात. गुडघे एकमेकांना घासतात का, तळपाय सपाट आहेत का, कानात मळ, किडके दात, रंग ओळखता येतात का, सगळं बघतात. हातावर गोंदवायचं तर कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला नाहीतर तळहाताच्या पाठीवर. दंडावर निळं गोंदवून गेलात की अडकलात. डॉक्टरनं नापास केलं तर गप घरी येऊ नका. कारण लेखी मागा, फेरतपासणी मागा. तो तुमचा हक्क आहे.

धावणं मी शिकलो. बीम शिकलो. उंची कुठल्या मैदानात शिकायची?

कागदांच्या टेबलावर जातीचा दाखलाही मागतात. सैन्यात आरक्षण नाही, मग जात कशाला? 2022 साली यावर ओरड झाली, तेव्हा सरकार म्हणालं, पद्धत जुनीच आहे. जुनी तर आहेच! 1818 साली कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना इंग्रजानं 1892 च्या सुमारास भरतीतून हाकललं. का, तर म्हणे लढाऊ जात नाही. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले, त्यांना अर्ज लिहावा लागला. 1917 साली महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण काढली, 1921 साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो. 1941 साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथं भांडले, आणि महार रेजिमेंट उभी राहिली.

त्या पन्नास वर्षांत ज्यांच्या बापाला वर्दी मिळाली त्यांच्या पोरांना वर्दीची वाट सोपी झाली. आमच्या बापांच्या हातात झाडू आला.

माझा बाप ठेकेदाराच्या हाताखाली गटारात उतरायचा. मास्क नाही, दोर नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा वर राहिला, बाप खाली. एक दिवस तो वर आलाच नाही. गटारातल्या मरणाला 30 लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2023 साली सांगितलं. आमच्या घरी अजून फाईलच फिरतेय.

सरहद्दीवर मेला तो शहीद. त्याच्या पोराला सूट मिळते, मिळालीच पाहिजे. पण शहराचा मैला उपसताना मेला तो कोण? त्याच्या पोराला किती सेंटीमीटर? मायनं अर्धी भाकर पाण्यात बुडवून आम्हाला वाढवलं. माझा तो 1 सेंटीमीटर तिथंच राहिला, आणि टेप धरणारा म्हणतो, "पुढं चल."

च्यायला, चालतो. पण आत जाणारालाही माहीत असू द्या, अग्निवीराला चार वर्षंच. चौघांतला जास्तीत जास्त एक पक्का होणार, तिघं परत आपल्याच गल्लीत. तरी जा. मिळेल ती वर्दी घ्या, पगार घ्या, पाठीचा कणा घेऊन परत या.

आमचं मागणं एवढंच: ज्याचा बाप गटारात मेला त्याच्या पोरालाही तीच 2 सेंटीमीटर द्या. देणार नसाल तर त्याच्या बापाला गटारात उतरवणं बंद करा. तोवर आम्ही रांगेत येत राहू, नापास होत राहू आणि दरवेळी विचारत राहू, की ही टेप कुणाच्या अंगावर मापून बनवली?