पिस्टन कुठला घालू?

"अरे, शंभर हॉर्सपॉवरचाच शॉट मारणार आहे. साधे पिस्टन चालतील ना?"

शनिवारी सकाळी सकाळी मिशिगनमधल्या मित्राचा फोन. साहेबांनी शेव्हरोलेचं जुनं ३५० व्ही-८ इंजिन खोललंय आणि त्यावर नायट्रस बसवायचं डोक्यात घेतलंय. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण मत द्यायला आपल्याला कोण अडवतंय?

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. साधारण ३०० अंश सेल्सिअसला त्याचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन २३ टक्के, नायट्रसमध्ये ३६. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि सिलिंडरमधला दाब नि उष्णता बटण दाबताक्षणी वाढते.

बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय. पहिला हायपरयुटेक्टिक, म्हणजे भरपूर सिलिकॉन असलेला ओतीव पिस्टन. स्वस्त, तापल्यावर कमी फुगतो, म्हणून घट्ट बसतो आणि आवाज करत नाही. पण ठिसूळ. एकदा जोरदार नॉकिंग झालं की रिंगच्या खाचेचा काठ तुटलाच म्हणून समजा. दुसरा ४०३२ मिश्रधातूचा फोर्ज्ड. यात सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, रोजच्या वापराला बरा. तिसरा २६१८, तोही फोर्ज्ड, सिलिकॉन जवळपास नाहीच. मार सगळ्यात जास्त सोसतो, पण फुगतोही जास्त, त्यामुळे मोकळा बसवावा लागतो आणि थंडीत गाडी सुरू केली की खडखडतो.

माझं मत विचाराल तर पहिला बादच. आणि उरलेल्या दोघांत निवड करताना "आज किती पॉवर हवी" हा प्रश्नच चुकीचा आहे. नायट्रसचा जेट बदलायला दहा मिनिटं लागतात, पिस्टन बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर जेट म्हणजे कॉन्फिग फाइलमधली एक ओळ, पिस्टन म्हणजे आर्किटेक्चर. आज शंभरवर खूश असलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात दोनशेचा जेट लावणार हे मी लिहून देतो :)

तेव्हा गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल आणि शंभर-दीडशेवर खरोखर थांबणार असाल, तर ४०३२. स्वतःवर भरवसा नसेल तर सरळ २६१८ घ्या आणि खडखड सहन करा.

अजून एक. नुसते महागडे पिस्टन घेऊन भागत नाही. उष्णतेने रिंग लांबते. तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की ती सिलिंडरमध्ये अडकते आणि फोर्ज्ड पिस्टनचाही काठ उखडते. चार इंची बोअरला साध्या इंजिनात वरच्या रिंगची फट ०.०१८ इंचाच्या आसपास असते, नायट्रसला ती ०.०२८ च्या घरात लागते. नक्की आकडा पिस्टनसोबतच्या कागदावर असतो, तो वाचा! फट वाढवायला कानस आणि एक दुपार पुरते. आणि पेट्रोल कमी पडलं, तर कुठलाही पिस्टन वितळतो. शेवटी ॲल्युमिनियमच ते.

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून खर्च."

हो. पण इंजिन एकदाच उघडायचंय ना?