तीस दिवसांचा हिशेब

वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या एखाद्या माथाडी कामगाराची हर्नियाची शस्त्रक्रिया होते. टाके ठीक दिसतात, रुग्ण घरी जातो आणि रुग्णालयाच्या दफ्तरी प्रकरण मिटते. आठ-दहा दिवसांनी जखम लाल होऊन पू धरते, तेव्हा दोष बहुधा त्याच्या नशिबावर नाही तर त्याच्या खोलीतील अस्वच्छतेवर टाकला जातो. ही सोयीची समजूत तपासून पाहिली पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर जखम का चिघळते, हे आज गूढ राहिलेले नाही. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ सालीच प्रसिद्ध केली होती. मधुमेह, कुपोषण, धूम्रपान ही रुग्णाकडची कारणे होत. परंतु शस्त्रक्रिया लांबणे, वस्तऱ्याने केस काढणे, प्रतिजैविक योग्य वेळी न देणे, हात व हत्यारे नीट निर्जंतुक न करणे, ही कारणे व्यवस्थेची आहेत. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात १९० रुग्णांचा अभ्यास झाला व तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९ टक्के रुग्णांच्या जखमांत संसर्ग आढळला. शस्त्रक्रियेपूर्वीचा मुक्काम जितका लांबला, तितके हे प्रमाण वाढले. आता हा मुक्काम कोणाचा लांबतो? ज्याच्या तपासण्या रखडतात, ज्याची पाळी येत नाही, त्याचा. म्हणजे गरिबाचे रांगेत थांबणे हेही संसर्गाचे एक कारण ठरते.

जगाचा अनुभव निराळा नाही. पोटाच्या शस्त्रक्रियांविषयी ६६ देशांत झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विकसित देशांत ९ टक्के, तर मानवी विकासात सर्वांत मागे असलेल्या देशांत २३ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. रुग्णांच्या प्रकृतीतील फरक जमेस धरूनही हे अंतर पुरते मिटले नाही.

शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविके चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले. तरीही आपल्याकडे गोळ्यांची लांबलचक यादी हाती पडते. परिचारिका, पाणी आणि निर्जंतुकीकरण यांवर संस्थेने करावयाचा खर्च अशा रीतीने औषधाच्या दुकानात रुग्णाच्या खिशातून वसूल होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही खर्च दुसऱ्यावर ढकलण्याची रीत नवी नाही.

अशा संसर्गाची गणना शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि हर्नियासारख्या काही शस्त्रक्रियांत ९० दिवसांपर्यंत करावयाची असते. उलट, २०१२ साली सुरू झालेल्या व पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेल्या राज्याच्या आरोग्य योजनेच्या मूळ अटींत घरी गेल्यानंतरचे १० दिवसच धरले होते. पुढची मजुरी बुडते ती कोणत्याच वहीत येत नाही.

म्हणून नवी मुंबईतील कार्यकर्त्यांनी एक साधी मागणी लावून धरावी. महापालिकेच्या आणि सरकारी योजनेतील प्रत्येक रुग्णालयाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तीस दिवस विचारपूस करावी आणि किती जखमा चिघळल्या, हे दर तिमाहीस जाहीर करावे. डॉक्टर-परिचारिकांना आरोपी ठरविण्यासाठी हे आकडे नकोत. अपुऱ्या माणसांनिशी राबणाऱ्या त्यांच्याही बाजूने ते बोलतील. जे मोजलेच जात नाही, त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. आज ती एकट्या रुग्णावर आहे.