गणवेश उतरल्यावर काय उरते?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पाटसच्या परिसरात पहाट लवकर होते. पुणे-सोलापूर महामार्गावरची वाहने अजून दिवे लावून धावत असतात, तेव्हाच गावातली मुले-मुली आतल्या रस्त्यांवर धावण्याचा सराव करू लागतात. त्यामागचे कारण उघड आहे. जवळच दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि ७. नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. गणवेश हा या तालुक्याच्या रोजच्या पाहण्यातला पोशाख आहे. जिल्हा पोलीस भरतीसाठी मुलांनी १६०० मीटर धावायचे, राखीव दलासाठी ५ किलोमीटर, ही अंतरे येथील तरुणांना पाढ्यासारखी पाठ असतात. गणवेश मिळवण्यासाठी कसे धावावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो मिळाल्यावर कसे वागावे, हे सांगणारे मात्र फार थोडे.

शालेय वयात सैनिकी शिक्षण द्यावे की नाही, या वादाला महाराष्ट्रात जून २०२५ मध्ये पुन्हा तोंड फुटले. पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याचा आणि त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी व स्काउट-गाइड यांचे साहाय्य घेण्याचा विचार शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी त्या वेळी जाहीर केला. असा विषय निघाला की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, शाळेची छावणी होईल. मुले विचार करायचे सोडून केवळ हुकूम पाळायला शिकतील. दुसरा वर्ग म्हणतो, सरसकट सक्ती करा, म्हणजे पिढी आपोआप सुधारेल. पहिल्याचा आक्षेप चुकीचा आहे आणि दुसऱ्याचा उत्साह उथळ आहे. पाटससारख्या गावांतील मुलांचे नुकसान मात्र दोघेही सारखेच करतात.

छावणीची भीती

सैनिकी शिक्षण ही एका विशिष्ट विचारसरणीची हौस आहे, असे पहिल्या वर्गाला सुचवायचे असते. त्यासाठी डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलकडे बोट दाखवले जाते. मुंजे यांना त्या कार्याचा कधी संकोच वाटला नाही आणि त्यांच्या मागून चालणाऱ्यांनाही तो वाटण्याचे कारण नाही. पारतंत्र्यातल्या समाजाला शस्त्रापासून आणि सैन्याच्या नेतृत्वापासून दूर ठेवणे हे परकी सत्तेच्या सोयीचे होते. तशा काळात स्वतःची सैनिकी शाळा काढणे हे राष्ट्रकार्यच होते.

पण स्वतंत्र भारतात राष्ट्रीय छात्रसेनेची आखणी कोणी केली? १९४६ साली नेमलेल्या त्या समितीचे अध्यक्ष होते पंडित हृदयनाथ कुंझरू. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष आणि नेमस्त, उदारमतवादी परंपरेचे मानकरी होते. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून १९४८ चा कायदा झाला आणि त्याच वर्षी छात्रसेना उभी राहिली. कुंझरूंना कोणी युद्धखोर म्हणणार आहे काय? शिस्तबद्ध तरुण हा लोकशाहीला धोका नसून तिचा आधार असतो, हे त्या उदारमतवाद्याला कळले होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आजच्या मंडळींना ते का कळू नये?

शिस्त म्हणजे विचारशून्यता, हे समीकरणही पाटसच्याच रस्त्यावर दरवर्षी खोटे ठरते. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा वरवंडचा मुक्काम हलवून पाटसला विसावतो आणि पुढे रोटीचा घाट चढतो. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेली ही परंपरा आहे. लाखोंचा समुदाय, पण प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आणि क्रम ठरलेला. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, आणि हे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांना क्रमांक, तंबूंची व्यवस्था, अश्व, कर्णा या साऱ्यांवर फौजेतल्या माणसाच्या हाताचा ठसा आहे. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग क्षणात थांबतात. तेथे कोणी कोणाला धाक घातलेला नसतो. भक्ती आणि संचलन यांत विरोध नाही, हे महाराष्ट्राने दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे.

सक्तीने संस्कार होत नाहीत

आता दुसऱ्या वर्गाकडे वळणे भाग आहे, कारण तो जवळचा आहे. सक्ती केली की काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी इतिहास पाहावा. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देश हादरला आणि १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. अवघ्या पाच वर्षांत, १९६८ मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. संख्या वाढवणे आणि सैनिकी वृत्ती रुजवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२४ साली छात्रसेनेत आणखी ३ लाख जागांना मंजुरी मिळून संख्या २० लाखांपर्यंत नेण्याचे ठरले, हे स्वागतार्हच आहे. पण त्या जागा भरणारा मुलगा कशासाठी येतो, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: प्रमाणपत्रासाठी. ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांना भरतीत मिळणारा लाभ रास्त आहे. तो कोणी नाकारू नये. मात्र लाभ हेच साध्य झाले की दहा दिवसांचे शिबिर म्हणजे हजेरी भरण्याचे ठिकाण होते. कवायत उरते, तिचा अर्थ हरवतो.

सैन्यातल्या प्रत्येक रूढीच्या पोटात एक मूल्य असते. ते सांगितले नाही, तर ती रूढी केवळ नाटक ठरते. सॅल्यूट व्यक्तीला नसतो. त्या व्यक्तीच्या पदामागे उभ्या असलेल्या राष्ट्राच्या अधिकाराला असतो. म्हणूनच वरिष्ठालाही तो परत करावा लागतो. जवानांची पंगत उठल्याखेरीज अधिकाऱ्याने जेवायचे नाही, ही रीत नेतृत्वावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवते. छात्रसेनेची अनुशासनाची चार सूत्रे प्रत्येक छात्राला पाठ करावी लागतात: आज्ञा हसतमुखाने पाळावी, वेळ पाळावी, गाजावाजा न करता कष्ट करावेत, सबब सांगू नये आणि खोटे बोलू नये. यांतले चौथे सूत्र जरी सार्वजनिक जीवनात मनापासून पाळायचे ठरले, तरी कितीतरी व्यासपीठे ओस पडतील.

हे सारे इंग्रजांकडून आले, असे समजण्याचे कारण नाही. डेहराडूनच्या सैनिकी अकादमीचे उद्घाटन करताना १९३२ साली सर फिलिप चेटवुड यांनी देश प्रथम, हाताखालचे जवान नंतर आणि स्वतःची सुखसोय सर्वांत शेवटी, असा क्रम सांगितला. तो योग्यच आहे. पण त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र मराठी मुलाने आधी वाचावे. धान्य असो, भाजी असो वा वैरण, लागेल ते बाजारातून मोल देऊन घ्यावे. रयतेला उपद्रव दिला तर तिला मोगल बरे वाटू लागतील, असे महाराज बजावतात. इतकेच नव्हे, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि पागेतली घोडी मरतील, येथपर्यंत त्यांची नजर पोहोचते. नेतृत्व म्हणजे घोड्यावर बसून उपसलेली तलवार, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांनी या उंदराचा विचार करावा. जो शेवटच्या पागेतल्या दिव्याची काळजी करतो, तो राजा.

नेतृत्वाला हुद्दा लागतो, हाही असाच एक भ्रम. अहमदनगर जिल्ह्यातला (आजचे अहिल्यानगर) शिपाई नामदेव जाधव हा मराठा पलटणीतला साधा निरोप्या होता. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीच्या काठी त्याच्या भोवतालचे सहकारी कोसळले. त्याने एका जखमीला खोल पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित पोहोचवले. मग तो दुसऱ्यासाठी पुन्हा गेला. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा त्याने हातबॉम्ब फेकून शत्रूची मशिनगन बंद पाडली आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करीत उरलेल्यांना पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉस नंतर मिळाला. त्या क्षणी त्याच्यापाशी ना पद होते, ना कोणाचा हुकूम. होता तो केवळ अंगी मुरलेला संस्कार.

शेजारच्या घरातला शिवाजी

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण मराठी मध्यमवर्गाने स्वतःवरच रचली असावी. प्रजासत्ताकदिनी कर्तव्यपथावरचे छात्रांचे संचलन दूरदर्शनवर पाहताना ज्या दिवाणखान्यात ऊर भरून येतो, त्याच दिवाणखान्यात बारावीतल्या मुलाने एनडीएचा अर्ज भरतो म्हटले की शांतता पसरते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आहे. पाटसपासून ती शंभर किलोमीटरच्या आतच येते. तरीही अधिकारीपदांवर मराठी तरुण वाढावेत म्हणून शासनाला १९७७ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) स्वतंत्र पूर्वतयारी संस्था काढावी लागली. अंतर किलोमीटरचे नाही, मनाचे आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शिपाई व्हावे आणि नोकरदाराच्या मुलाने परदेशी जावे, अशी ही न बोललेली वाटणी आहे. देशभक्तीच्या सभांना गर्दी करणाऱ्या घरांनी ती मोडल्याखेरीज त्यांच्या घोषणांना वजन येणार नाही.

आणि आता मुलींचीही सबब उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी प्रबोधिनीत दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी दीक्षान्त संचलनातून बाहेर पडल्या. ज्या मातीने जिजाऊ आणि ताराराणी पाहिल्या, तिला यात नवल वाटू नये.

खेड्यांसाठी हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर २५ टक्क्यांपर्यंत तरुण सैन्यात कायम होतात. उरलेले ऐन विशी-पंचविशीत गावी परततात. त्यांना केवळ बंदूक चालवता येत असेल, तर गावाला त्यांचा उपयोग काय? उलट खोटे न बोलण्याची, सबब न सांगण्याची आणि शेवटी जेवण्याची सवय घेऊन ते आले, तर ग्रामपंचायतीपासून सहकारी सोसायटीपर्यंत सारे काही बदलू शकेल.

तो पाया शाळेतच घालावा लागेल. गावातल्या निवृत्त सुभेदाराला वर्षातून एकदा ध्वजवंदनाला बोलावून श्रीफळ देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा मुलांपुढे उभे करावे. पालकांनी शाळेकडे संगणक जितक्या आग्रहाने मागितला, तितक्याच आग्रहाने छात्रसेनेचे पथक मागावे. आणि परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती मैदानावर घेऊ नये. पालखी रोटीचा घाट चढून गेली, गर्दी ओसरली, की दुसऱ्या दिवशी पाटसच्या रस्त्याकडेला पत्रावळी, द्रोण आणि प्लास्टिकचे पेले उरतात. त्या सकाळी हजेरी नसते, छायाचित्रकार नसतो, प्रमाणपत्र तर नसतेच. साध्या कपड्यांत, कोणी न सांगता, हातात खराटा घेऊन जो मुलगा किंवा मुलगी तेथे पोहोचेल, ते मूल नेतृत्वाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले असे खुशाल समजावे. गणवेश त्याला उद्या मिळो अथवा न मिळो.