बाटलेली गाडी

माझा एक जुना विद्यार्थी सध्या इटलीत तुरीनच्या तंत्रविद्यापीठात शिकतो. गेल्या चैत्रात त्याचे पत्र आले. त्याच्या घरमालकाकडे १९७० सालची फियाट ५०० आहे. ती घेऊन म्हातारबुवा जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला गेले होते. रंग मूळचा, आसने मूळची, छताचे कापड मूळच्या मापाचे. परीक्षक आले, त्यांनी मागचे झाकण उघडून आत डोकावले, एकमेकांकडे पाहिले आणि पुढच्या गाडीकडे वळले. आतले इंजिन मूळचे नव्हते. ते फियाट १२६ या मागाहून निघालेल्या गाडीचे होते. जाता जाता त्यांतला एक जण म्हणाला, "ही आता पाचशे राहिली नाही."

विद्यार्थ्याला हा प्रकार गमतीचा वाटला. मला वाटला नाही. विहिरीत पावाचा तुकडा पडला आणि ते पाणी प्यालेली घरेच्या घरे बाटली, अशा कथा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. तो निवाडा देणारे लोक आता हयात नसतील अशी माझी भाबडी समजूत होती. ते हयात आहेत, इतकेच नव्हे तर इटलीत जाऊन मोटारी तपासत आहेत!

त्यांची बाजू मी आधी प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, जुनी गाडी हा इतिहासाचा कागद आहे. कागदातली ओळ खोडून दुसरी लिहिली तर तो कागद खोटा ठरतो. कथाकादंबऱ्या लिहून पोट न भरल्यामुळे मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा मुद्दा चटकन पटावा असाच आहे. पण मग इतिहासच उघडून पाहू.

४ जुलै १९५७ रोजी तुरीनला ही गाडी लोकांपुढे आली. दान्ते जाकोसा हा तिचा कर्ता. मागच्या बाजूस दोन सिलिंडरचे, वाऱ्याने थंड होणारे इंजिन. ४७९ घनसेंटिमीटर, १३ अश्वशक्ती. पाणी नाही, रेडिएटर नाही, फाजील असे काहीच नाही. वजन अवघे अर्ध्या टनाच्या आसपास. स्कूटरवर बायकोमुले बसवून पावसात भिजणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावे, एवढाच तिचा हेतू. हे पहिले इंजिन तरी पवित्र मानून जपले गेले काय? छे! काही महिन्यांतच त्याची ताकद वाढवावी लागली. १९६० साली त्याची जागा ४९९.५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने घेतली. त्याच वर्षी मागे सामान ठेवता यावे म्हणून लांब बांध्याच्या गाडीत इंजिन चक्क आडवे निजवले. ऑस्ट्रियात ग्राझच्या स्टायर-पुख कारखान्याने तर १९५७ पासूनच या गाडीच्या अंगात स्वतःचे, समोरासमोर सिलिंडर असलेले इंजिन बसवून ती विकली. आणि १९७२ साली खुद्द फियाटने ५०० ची शेवटची आवृत्ती काढली तेव्हा तिच्यात कोणते इंजिन घातले? फियाट १२६ चे! ५९४ घनसेंटिमीटरचे, फक्त थोडे मवाळ करून १८ अश्वशक्तीवर आणलेले. १९७५ पर्यंत ती गाडी निघत होती.

म्हणजे म्हातारबुवांनी पत्र्याच्या छपराखाली जे केले, तेच कारखान्याने आपल्या फाटकाच्या आत केले होते. कारखान्याने केले तो इतिहास झाला. म्हाताऱ्याने केले तो बाट झाला. तेव्हा हा प्रश्न लोखंडाचा नसून शिक्क्याचा आहे. टायर बदला, बॅटरी बदला, सिलिंडर कातून नवे पिस्टन घाला. हे पंडित हूं की चूं करणार नाहीत. पण इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला आकडा जुळला नाही की सोयर सुरू! एवढे सोवळे तर आमच्या आजीने चुलीपाशीही पाळले नाही.

म्हाताऱ्याने इंजिन का बदलले, हे परीक्षकांनी विचारले नाही. माझ्या विद्यार्थ्याने विचारले. जुन्या इंजिनाचे कवच तडकले होते, आणि पो नदीपलीकडच्या टेकडीवर मुलीचे घर आहे. बायकोला शेजारी बसवून चढ चढायचा तर १२६ चे इंजिन हाताशी होते, त्याच घराण्यातले होते, आणि त्याच्यासाठी पत्र्याला कोठे कात्री लावावी लागत नव्हती. गाडी पुन्हा टेकडी चढू लागली.

हे सारे मी इतक्या तावातावाने लिहीत आहे याला कारण आहे. एके काळी मीही त्या परीक्षकांच्या रांगेत उभा होतो.

आमच्या मामांची पद्मिनी होती. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. इटलीत जन्मलेली आणि मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात वाढलेली. त्याच कारखान्याने १९८५ साली फियाट १२४ चा देह घेऊन त्यात जपानी निस्सानचे इंजिन बसवले आणि ती गाडी डौलात विकली, तेव्हा कोणी कानांवर हात ठेवल्याचे मला स्मरत नाही. पुढे पद्मिनीतच डिझेल इंजिन घालून तीही बाजारात आणली. अशाच एका अपघातात चुरलेल्या डिझेल गाडीचे इंजिन मामांनी सांगलीच्या एका मिस्त्रीकडून आपल्या गाडीत चढवले आणि रीतसर कागदावर नोंदवून घेतले. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, मासिके वाचून शहाणा झालेला. म्हणालो, "मामा, तुम्ही गाडी बाटवलीत."

मामा बोनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "गोठ्यात उभी राहून गंजली असती म्हणजे शुद्ध राहिली असती, असंच ना रे?"

त्यानंतर नऊ वर्षे ती गाडी धावली. आजीच्या मिरजेच्या दवाखान्याच्या खेपा तिनेच केल्या. आठवड्यातून दोनदा, उन्हाळा म्हणू नका, पावसाळा म्हणू नका. शेवटची खेपही तिनेच केली. मागच्या आसनावर आजीचे डोके मांडीवर घेऊन मी बसलो होतो. त्या दिवशी इंजिन कोणाचे आहे हे माझ्या मनातही आले नाही.

आपल्याकडे २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नियम झाले. 'विंटेज' म्हणून नोंद हवी तर गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि नोंद झाल्यावर ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. संग्रहात ठेवायच्या गाड्यांसाठी हा नियम ठीक आहे. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती या नियमाला नीतिशास्त्र समजणाऱ्यांना. बदलू नका आणि फिरू नका, ही दोन्ही व्रते जो पाळतो त्याच्याजवळ उरते ते मखर. मखरातली गाडी बघायला मला आवडते. पण रस्त्यावरच्या गाडीला तिने कमअस्सल म्हणू नये.

आता उलट बाजूच्या वीरांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर ते माझी पाठ थोपटायला येतील. या इवल्या गाडीत मोटरसायकलची चार सिलिंडरची दांडगी इंजिने कोंबणारे लोक आहेत. चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक, वजन अर्धा टन, आणि त्यावर कित्येक पट ताकद! याला मी जीर्णोद्धार म्हणणार नाही. गाडीचे माप न ओळखता तिच्यावर आपली हौस लादणे, यात आणि त्या परीक्षकांच्या सोवळ्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही गाडीच्या कामाशी कर्तव्य नाही. इटलीत २०१५ च्या नियमांनी जुन्या गाडीत विजेची मोटार बसवण्याची वाट मोकळी केली. तिथेही मी एवढेच विचारीन: ब्रेकला झेपेल इतकीच ताकद घातली ना? पत्रा कापला नाही ना? जुने इंजिन तेलाच्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात जपले ना, म्हणजे उद्या नातवाला ते परत चढवावेसे वाटले तर चढवता येईल? उत्तर होय असेल तर खुशाल बसवा.

विद्यार्थ्याला मी उत्तर धाडले आहे. म्हातारबुवांना माझा नमस्कार सांग. पुढच्या मेळाव्याला त्यांनी अवश्य जावे आणि परीक्षक मागच्या झाकणाला हात घालू लागले की त्यांना नम्रपणे थांबवावे. म्हणावे, आधी टायर पाहा. कोणाचे झिजले आहेत आणि कोणाचे नाहीत, ते पाहून घ्या. मग खुशाल झाकण उघडा.