मनाविषयीची लोकप्रिय पुस्तके : दावा आणि पुरावा

मन, आकलन आणि सर्जनशीलता या विषयांवरच्या लोकप्रिय पुस्तकांबद्दल वाचकांत दोन तट आहेत. एका तटाच्या मते, या पुस्तकांनी मनाचा कारभार उलगडून ठेवला आहे. त्यांतले उपाय अमलात आणले की माणूस अधिक हुशार आणि अधिक सर्जनशील होतो. दुसऱ्या तटाला हा सगळा बाजार वाटतो. ज्याला मनाविषयी खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याने मूळ शोधनिबंध वाचावेत, असे त्याचे म्हणणे. दोन्ही तट एकच चूक करतात. पुस्तक एकसंध आहे, ते स्वीकारायचे तर सगळे आणि नाकारायचे तरी सगळे, असे ते धरून चालतात. वास्तविक अशा पुस्तकात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात : निरीक्षण, त्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण आणि त्यावरून केलेला उपदेश. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा असतो आणि एक खरी ठरली म्हणून उरलेल्या दोन खऱ्या ठरत नाहीत.

पहिल्या तटाचा विचार आधी करू. कल्पकता मेंदूच्या उजव्या बाजूत वसते आणि तर्क डाव्या बाजूत, ही समजूत सर्वदूर पसरण्यात बेटी एडवर्ड्‌स यांच्या १९७९ सालच्या 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यातला एक स्वाध्याय प्रसिद्ध आहे. पिकासोने रेखाटलेले संगीतकार स्ट्राविन्स्कीचे चित्र उलटे ठेवायचे आणि उलटेच उतरवून काढायचे. चित्र उलटे असल्यामुळे 'हा हात', 'हा चष्मा' असे ओळखणे अवघड होते. मग विद्यार्थी मनात ठसलेला ठरावीक हात न काढता समोरची रेष जशी वळते तशी वळवतो, दोन रेषांमधली रिकामी जागा मोजतो. एरवी 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्यांचीही नक्कल पुष्कळदा मूळ चित्राच्या बरीच जवळ जाते. हे निरीक्षण भक्कम आहे आणि ते कोणालाही करून पाहता येते.

स्पष्टीकरणाची गोष्ट वेगळी. ते रॉजर स्पेरी यांच्या संशोधनावर उभे केले गेले. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा चेतातंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. अशा रुग्णांत दोन्ही गोलार्धांची कामे काही बाबतींत वेगळी असल्याचे स्पेरी यांनी दाखवले आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे निष्कर्ष जोड तुटलेल्या मेंदूंविषयीचे होते. निरोगी माणसात हा पट्टा शाबूत असतो आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी व्यवहार करतात. कल्पनेने फार पुढे वाहवत जाऊ नये, असा इशारा खुद्द स्पेरी यांनीच दिला होता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी १,०११ जणांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. भाषेसारखी काही कामे एका बाजूला झुकलेली दिसली. मात्र ज्याचा सगळाच मेंदू 'उजवा' किंवा 'डावा' आहे, असे माणसांचे दोन प्रकार आढळले नाहीत. म्हणजे रेखाटनाचा स्वाध्याय उपयुक्त आणि त्यामागची कारणमीमांसा चुकीची, असा हा निवाडा आहे.

उपदेशाच्या थरावर हीच गफलत अधिक महागात पडते. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या 'आउटलायर्स'मुळे दहा हजार तासांचा सराव केला की प्रावीण्य मिळते, हा नियम घरोघरी पोचला. त्याचा आधार होता अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास. दहा हजार हा आकडा तिथे सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्या गटातल्या बऱ्याच जणांनी तेवढे तास गाठलेले नव्हते. एरिक्सन यांचा भर तासांच्या बेरजेवर नव्हताच. जाणत्या गुरूने नेमून दिलेला, उणिवा हेरून केलेला सराव त्यांना महत्त्वाचा वाटत होता. नियम करताना नेमका तोच भाग मागे पडला.

मेंदूविषयीचा अर्धवट दावा पुस्तकातच थांबत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत मेंदूचा मध्यभाग जागवण्याचा दावा करणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले आणि डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचतात, अशी प्रात्यक्षिके झाली. नाकाशेजारच्या फटीतून दिसते, हे त्यामागचे साधे कारण. फट नीट बुजवली की वाचनही थांबते. शिकवणीसाठी पैसे मोजणाऱ्या पालकाला दावा आणि पुरावा यांतला फरक कळणे फार गरजेचे आहे.

एवढे पाहिल्यावर दुसऱ्या तटाला आपली बाजू सिद्ध झाल्यासारखे वाटेल. त्याच्या हाताशी आणखी मोठे उदाहरण आहे. नोबेलविजेते डॅनियल कानेमन यांच्या २०११ सालच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकात एक प्रयोग ठळकपणे मांडला आहे : वार्धक्यसूचक शब्द वाचलेली तरुण मुले नंतर हळू चालली. २०१२ मध्ये ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी चाल स्वयंचलित उपकरणांनी मोजली, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. प्रयोग घेणाऱ्यांच्या मनात तशी अपेक्षा निर्माण केली, तेव्हा मात्र दिसला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीला उतरलेले होते. पुनर्प्रयोगांत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

पण याच पुराव्याने दुसऱ्या तटाचा मुद्दा ढासळतो. जे १०० अभ्यास तपासले गेले, ते मान्यवर नियतकालिकांतले मूळ शोधनिबंध होते. तेव्हा 'लोकप्रिय पुस्तक सोडा, मूळ निबंध वाचा' हा सल्ला वाचकाला चुकीपासून वाचवत नाही. कानेमन यांनी नमुने अपुरे असलेल्या अभ्यासांवर आपण अवाजवी विश्वास ठेवल्याचे पुढे जाहीरपणे मान्य केले. त्या एका प्रकरणामुळे पुस्तकातली उरलेली मांडणी कोसळत नाही. माणूस तोटा आणि नफा सारख्याच मापाने मोजत नाही, हे त्यांनी अमोस ट्वर्स्की यांच्यासह १९७९ मध्ये मांडलेले सूत्र अनेक देशांत पुन्हा तपासले गेले आणि बऱ्याच अंशी टिकले.

मग अशा पुस्तकांचे खरे मोल कशात आहे? ती वाचकाला स्वतःच्या मनाची पारख करायला साधने देतात. उदाहरण अंधबिंदूचे. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर ठळक ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे पाहत कागद सावकाश जवळ आणावा. साधारण ३० सेंटीमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या ज्या जागी पडते तिथून चेतातंतू मेंदूकडे निघतात आणि तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरीही कागदात भोक पडलेले दिसत नाही. ठिपक्यातून आरपार रेघ ओढली, तर ती अखंड दिसते. उणी जागा मेंदू भरून काढतो. पाहणे म्हणजे जग जसेच्या तसे टिपणे नव्हे, हे इथे दोन मिनिटांत आणि कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता पटते. रिचर्ड ग्रेगरी यांच्या १९६६ सालच्या 'आय अँड ब्रेन'चे बळ यातच आहे : ज्या दृष्टिभ्रमांची चर्चा चालू असते, ते पानावरच तपासायला मिळतात.

म्हणून वाचकाने पुस्तकाला चार प्रश्न विचारावेत. सांगितलेली गोष्ट स्वतः करून पाहता येते का? येत नसेल, तर प्रयोग किती जणांवर झाला आणि इतरांनी तो पुन्हा केला का? रुग्णांवरून किंवा प्राण्यांवरून काढलेला निष्कर्ष निरोगी माणसाला लावताना लेखकाने कारण दिले आहे का? आणि दिलेला सल्ला पुराव्यातून निघतो की पुराव्याच्या पुढे धावतो? ज्या पुस्तकात या प्रश्नांची उत्तरे सापडतात ते पूर्ण विश्वासाने वाचावे. ज्यात अर्धीच सापडतात त्यातला तेवढा अर्धा भाग घ्यावा. एकही सापडत नसेल, तर पुस्तक कितीही खपलेले असो, ते बाजूला ठेवावे. या रीतीने वाचणाऱ्याला लोकप्रिय पुस्तकांना भिण्याचे कारण उरत नाही आणि त्यांच्या आहारी जाण्याचेही नाही.